बिडाची जुनी चूल पुन्हा पेटवताना

जुनी बिडाची चूल घरात आली की पहिल्या दिवशी माणूस तारेचा ब्रश घेतो आणि गंज खरवडायला बसतो. मीही तेच केलं. चार दिवस घासून वरचा तवा काळाभोर केला, दारावरच्या निकेलच्या पट्ट्या उजळल्या. मग अंगणात तात्पुरता पाइप उभा करून चार तुराट्या पेटवल्या. धूर पाइपातून जायचं सोडून ओव्हनच्या दारातून, झाकणांच्या कडांमधून, मागच्या सांध्यांतून जिथे वाट सापडेल तिथून बाहेर आला. आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "धूरच खायचा होता तर गावाकडची मातीची चूल काय वाईट होती?"

तिचं बरोबर होतं. बिडाच्या चुलीत धुराला आखून दिलेली वाट असते आणि ती शाबूत असेल तरच या चुलीचा उपयोग. म्हणून जे कोणी पहिल्यांदा हे काम हाती घेतायत त्यांना कळकळीने सांगते: आधी धुराची वाट, मग जळणाची पेटी, आणि चकाकी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की सगळं काम दोनदा करावं लागतं. मी केलंय.

चूल आतून कशी असते

आपल्या मातीच्या चुलीला शेजारी वैल असतो. जाळ चुलीत, पण आतल्या भोकातून आच वैलाकडे जाते आणि तिथे आमटी रटरटत राहते. बिडाच्या चुलीचं तत्त्व हेच आहे, फक्त आच बरीच लांब फिरवून आणलेली असते.

समोरून पाहिलं तर बहुतेक चुलींत डावीकडे जळणाची पेटी असते. तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेचा खण आणि त्या खणाला हवा कमी-जास्त करायची झडप. उजवीकडे ओव्हन. या दोघांच्या वर एकच मोठा तवा, त्यात चार किंवा सहा गोल झाकणं. मागच्या बाजूला पाइपाचा गळा, आणि त्याच्याजवळ चुलीचा डॅम्पर, म्हणजे धुराची वाट बदलणारी झडप.

डॅम्पर उघडा असला की धूर तव्याखालून सरळ पाइपात जातो. पेटवताना हेच हवं असतं. डॅम्पर बंद केला की धुराला सरळ रस्ता उरत नाही. तो ओव्हनच्या माथ्यावरून जातो, पलीकडच्या बाजूने खाली उतरतो, ओव्हनच्या बुडाखालून फिरतो आणि मग मागून वर चढून पाइपात शिरतो. या फेऱ्यात ओव्हन चहूबाजूंनी तापतो. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अशा चुलींची फार मोठी परंपरा झाली. अमेरिकेत १८३४ साली फिलो स्टुअर्ट यांनी पेटंट घेतलेली ऑबर्लिन चूल ही त्यातली सुरुवातीची एक.

हा फेरा कागदावर एकदा स्वतःच्या हाताने काढून बघा. पुढचं सगळं काम त्या रेषेवर एकही गळती आणि एकही अडथळा राहू नये यासाठी आहे.

विकत घ्यायच्या आधी

जुने बंगले उतरवताना निघालेल्या सामानात, भंगाराच्या दुकानात, पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात अशी चूल अधूनमधून दिसते. बघायला जाताना टॉर्च, छोटी हातोडी आणि दोन फुटी लोखंडी पट्टी बरोबर घ्या. अंगावर जुने कपडे असू द्या, कारण आत डोकं घालावं लागतं.

माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून बघतो ना, तसंच बीड वाजवायचं. हातोडीने अगदी हलकं टिचकं मारायचं. अखंड तुकडा टणकारतो, तडा गेलेला बद्द वाजतो. तव्याचा प्रत्येक भाग, जळणाच्या पेटीच्या बाजू, ओव्हनचा माथा, दारं, पाय असं एकेक वाजवत जा. बोल्टने घट्ट आवळलेला भाग थोडा दबका वाजतोच, त्याने घाबरू नका. त्या जागी टॉर्चने तड्याची रेघ शोधा.

मग पट्टी तव्यावर आडवी-उभी-तिरपी धरा. खालून एक-दोन मिलिमीटरची फट दिसली तर चालतं. त्याहून खूप पोक आलेला तवा पुन्हा सपाट होत नाही, आणि त्याच्यावर ना भांडं नीट बसतं ना भाकरी नीट भाजते.

कोणती खराबी खपवून घ्यावी, कोणती नाही? माझं मत असं: वाकलेली किंवा जळून गेलेली जाळी, फुटलेल्या विटा, तुटलेले बोल्ट, पत्र्याला पडलेली भोकं, गेलेली निकेलची चमक हे सगळं दुरुस्त होतं. वरचा गंज तर कितीही असू दे. पण ओव्हनचा बिडाचा माथा आरपार फुटलेला, जळणाच्या पेटीची बाजू तडकून दोन तुकडे झालेली, किंवा डॅम्परचा अख्खा सांगाडाच गायब असेल तर नवख्याने ती चूल सोडून द्यावी. हरवलेले भाग मोजा: झाकणं, झाकण उचलायचा हात, जाळी फिरवायचा दांडा, राखेचा खण, आणि ओव्हनखालची काजळी काढायचं छोटं दार. हे शेवटचं दार कोणाच्या लक्षात येत नाही.

वजन दीडशे-दोनशे किलोच्या घरात सहज जातं. तव्याची झाकणं, दारं, जाळी, विटा आधी काढून वेगळ्या पोत्यात बांधा, मगच सांगाडा टेंपोत चढवा. उचलताना हात खालच्या चौकटीला घाला. ओव्हनच्या दाराला, वरच्या फळीला किंवा पाण्याच्या टाकीला धरून उचललेली चूल तिथेच मोडते.

काम कधी धरायचं

आमच्या सोलापूरच्या हवेचा इथे खरोखर फायदा होतो. उघडं केलेलं बीड पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतं. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत, तेव्हा धुतलेला भाग गच्चीवर अर्ध्या तासात हाडासारखा वाळतो. त्यामुळे खोलणं, घासणं, जोडणं हे सगळं उन्हाळ्यात उरकावं. जळणही त्याच उन्हात वाळत घालावं. चूल पेटवायची दिवाळीनंतर. मे महिन्यात स्वयंपाकघरात ही चूल पेटवणं कोणालाच सोसणार नाही.

खोलणं

खोलायच्या आधी फोटो काढा. समोरून, मागून, आतून, प्रत्येक सांध्याचा. मी पस्तीसेक फोटो काढले आणि जोडताना तरी कमी पडले. प्रत्येक तुकड्याला तारेने पत्र्याची चकती बांधून खिळ्याने नंबर ठोका. खडूचे आणि पेनाचे आकडे धुताना जातात.

एक गोष्ट हात लावण्याआधी तपासायची. दारांच्या खाचांत किंवा सांध्यांत पांढरट-करडी, तंतूतंतू सुटणारी जुनी दोरी किंवा पुठ्ठ्यासारखा थर असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याचे तंतू श्वासावाटे गेले की फुप्फुसात कायमचे राहतात. कोरडं खरवडू नका, ब्रश फिरवू नका, फुंकर मारू नका. पाण्यात थोडा साबण घालून फवारणीने पूर्ण भिजवा, चांगला मास्क लावा, ओलं असतानाच काढून दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. शंका आली तरी असंच वागा. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तोही ओलाच घासा आणि मुलांना त्या जागेपासून लांब ठेवा.

आता बोल्ट. शंभर वर्षं आच खाल्लेला बोल्ट नटाशी एकजीव झालेला असतो. डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब सोडत राहा. नंतर पान्याने सोडवताना थोडं आवळायचं, थोडं सोडवायचं, असं मागे-पुढे करायचं. नाहीच सुटला तर नट करवतीने कापा. बोल्ट दहा रुपयांचा आहे, ज्या कानातून तो जातो तो कान पुन्हा मिळत नाही. मी घाईने एका बोल्टवर मोठी हातोडी मारली आणि बिडाचा कान टकन तुटून खाली पडला. लोखंड वाकतं, बीड वाकत नाही. त्या कानासाठी पुढे दोन आठवडे गेले.

अडकलेला बोल्ट गॅसच्या बत्तीने तापवायचा असेल तर तेल पूर्ण पुसून मगच, आणि आजूबाजूचं बीडही हळूहळू गरम करत जा. एकाच ठिकाणी लाल केलं तर तिथेच तडकतं. गरम बिडावर पाणी कधीही टाकायचं नाही, आज नाही आणि पुढे रोजच्या वापरातही नाही.

सगळं सुटलं की ओव्हनच्या बुडाखाली बघा. माझ्या चुलीत तिथे दोन बोटं जाड थर बसला होता, काजळी, राख आणि जुनी माती एकत्र होऊन ढेकळासारखा घट्ट. धूर बाहेर का येत होता त्याचं निम्मं कारण तिथे सापडलं. मी बाहेरून चार दिवस घासत बसले होते, आणि वाट आतून बुजलेली होती.

गंज काढणं

तेलकट थरासाठी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी आणि कडक ब्रश. साधा गंज तारेच्या ब्रशने किंवा ड्रिलला लावायच्या तारेच्या चाकाने निघतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण त्या चाकाच्या तारा सुटून उडतात. झाकणं, जाळी, बिजागऱ्या अशा लहान भागांना पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून चालतं, पण काही तासांत बाहेर काढा आणि सोड्याच्या पाण्याने धुवा. रात्रभर विसरलात तर ते बीडच खायला लागतं.

नक्षी असलेल्या भागांना ब्रश लागत नाही, आणि जोर केला तर नक्षीच झिजते. तिथे विजेची पद्धत उत्तम. प्लास्टिकच्या मोठ्या टबात पाणी घ्या, दर दहा लिटरला दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. गाडीच्या बॅटरीचा १२ व्होल्टचा चार्जर घ्या. ऋण टोक चुलीच्या भागाला, धन टोक एखाद्या साध्या लोखंडी पट्टीला. दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना न टेकता. बारीक बुडबुडे सुटतात आणि रात्रीतून गंज मऊ काळा होऊन हाताने पुसला जातो. टोकं उलटी लावली तर चुलीचा भाग झिजेल. धन टोकाला स्टेनलेस स्टील मुळीच लावू नका, पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगं उतरतात; जस्ताचा मुलामा असलेली पट्टीही नको. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, तेव्हा हे काम गच्चीवर मोकळ्या हवेत आणि विड्या-काड्यांपासून दूर. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. निकेलच्या पट्ट्या या टबात घालायच्या नाहीत, त्या मऊ कापड आणि पॉलिशनेच पुसाव्यात.

वाळूच्या मशिनने साफ करून देणारे एमआयडीसीत मिळतात. जाड बिडाला ते चालतं. ओव्हनच्या पातळ पत्र्याला मात्र नाही, तो पत्रा त्या माऱ्याने पोक धरतो.

भाग साफ झाला की धुवा, उन्हात वाळवा आणि गरम असतानाच तेलाचा पुसट हात द्या.

तडे, जाळी आणि विटा

सोलापुरात हे काम करणाऱ्याला एक मोठी सोय आहे. यंत्रमागाच्या चौकटी आणि चाकं बिडाची असतात, ती मोडतात, आणि ती जोडणारी माणसं शहराच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या आसपास आहेत. नुसता वेल्डर नको, "बिडाचं काम करता का?" असं विचारा. साध्या लोखंडाचा रॉड वापरून कोणी बीड जोडलं तर सांधा गार होता होता शेजारी नवा तडा जातो.

माझा तुटका कान ज्या मिस्त्रींनी जोडला त्यांच्याकडे मी अर्धा दिवस बसून होते. त्यांनी आधी दोन्ही तुकड्यांच्या कडा घासून उताराच्या केल्या. बाजूला एक तडा होता, तो जिथे संपत होता त्या टोकावर बारीक भोक पाडलं. "ताई, इथं भोक नाही पाडलं तर तडा पुढं पळतंय," ते म्हणाले. मग तुकडा कोळशाच्या भट्टीत चांगला तापवला, निकेलच्या रॉडने एकेक इंच जोडत गेले, आणि दर इंचाला थांबून छोट्या हातोडीने सांधा टकटकवला. शेवटी सगळा तुकडा गरम राखेत पुरला आणि मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. बीड सावकाश गार होण्यातच सगळं आहे.

ब्रेझिंग म्हणजे पितळेचा जोड स्वस्त पडतो आणि बाहेरच्या भागांना, पायांना, फळ्यांना छान टिकतो. जळणाच्या पेटीत तो करू नका, तिथल्या आचेत पितळ टिकत नाही. पेटीतल्या बारीक तड्याला फर्नेस सिमेंट, म्हणजे भट्टीची आच सोसणारं सिमेंट, भरून आतून विटा लावल्या तरी वर्षानुवर्षं काम भागतं.

जाळी जळालेली असेल तर नवी ओतून घ्यावी लागते. जुनी जाळी साचा म्हणून फाउंड्रीत दिली तर एक अडचण येते: बीड गार होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणजे फुटामागे तीनेक मिलिमीटर. नवी जाळी तेवढी लहान निघते आणि खाचेतून निसटते. म्हणून मूळ मापावर लाकडी साचा किंचित मोठा करून द्या, किंवा जुन्या जाळीच्या कडेला पट्टी चिकटवून माप वाढवा.

जळणाच्या पेटीच्या आतल्या विटा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. विटा नसताना पेटवलेल्या चुलीची बाजू काही महिन्यांत पोक धरते. साधी भाजलेली वीट चालत नाही, फायर ब्रिक लागते. भट्ट्यांचं सामान विकणाऱ्यांकडे ९ × ४.५ × ३ इंचाची मिळते. ती ग्राइंडरला दगडाची चकती लावून मापात कापा, मास्क लावून आणि वीट ओली करून. विटा एकमेकींना अगदी घट्ट ठोकू नका, तापल्यावर त्या फुगतात. मधल्या रेघांत फायर क्लेचा पातळ लेप पुरतो.

पाण्याची टाकी असेल आणि ती तांब्याची असेल तर कल्हईवाल्याकडून आतून कल्हई करून घ्या. टाकीचे जोड बहुधा डाकाचे (सोल्डरचे) असतात. चूल पेटलेली आणि टाकी रिकामी असं एकदा जरी झालं तरी डाक वितळून टाकी गळायला लागते. बोअरचं पाणी घातलं तर क्षाराचा थर साचतो, तो अधूनमधून व्हिनेगरने काढावा. हे पाणी अंघोळीला आणि भांड्यांना.

पुन्हा जोडणं, आणि रात्रीची परीक्षा

आधी सगळी चूल कोरडी जोडून बघा. सगळं बसतंय याची खात्री झाली की पुन्हा सुटी करा आणि मग सांध्यांत फर्नेस सिमेंट भरत जोडा. हे सिमेंट हजार अंशांच्या वरची आच सोसणारं हवं. टाइल्सचं किंवा बांधकामाचं सिमेंट पहिल्याच जाळात भुगा होऊन पडतं. सांधा किंचित ओला करा, सिमेंट भरा, बोल्ट आवळा, बाहेर आलेलं लगेच पुसा. नवे बोल्ट पूर्ण ताकदीने आवळू नका. बिडाला तापल्यावर हलायला जागा लागते. बोल्टच्या आट्यांना ग्राफाइटची पावडर लावली तर पुढच्या पिढीला ते सुटतील. दारांना सिरॅमिकची किंवा फायबर ग्लासची दोरी बसवा.

दोन दिवस वाळू द्या आणि तिसऱ्या रात्री ही परीक्षा घ्या. स्वयंपाकघरातले सगळे दिवे बंद करा. जळणाच्या पेटीत जोरदार टॉर्च ठेवा, दारं-झाकणं लावा आणि चुलीभोवती सावकाश फिरा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मागच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली, वीतभर लांब, आणि ओव्हनच्या आत डाव्या भिंतीच्या वरच्या कडेला दोन ठिपके. दिवसाउजेडी तिथे काहीच दिसत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी खडूने खूण केली आणि सकाळी सिमेंट भरलं. ओव्हनच्या आतले ठिपके जास्त महत्त्वाचे, कारण तिथून आलेला धूर थेट अन्नाला लागतो. टॉर्च पुढे ओव्हनच्या बुडाखालीही सरकवून बघा. झाकणांच्या कडेची बारीक रेघ राहिली तर चालते. चिमणी चांगली ओढत असेल तर तिथून हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही.

चकाकी

आता हवं तेवढं घासा. बाजूंना ग्राफाइटचं काळं पॉलिश किंवा उष्णतारोधक काळा रंग. वरच्या तव्याला रंग अजिबात नको, तिथे अन्न सांडतं. त्याला बिडाच्या तव्यासारखंच तेल पाजायचं, आणि त्यासाठी करडईचं तेल फार चांगलं. ते वाळून घट्ट पापुद्रा धरतं. अगदी पातळ हात द्या, कापडाने पुसून काढा, तापवा. असं चार-पाच वेळा. जाड लावलं की चिकट राहतं. निकेल उडालेल्या पट्ट्या मी तशाच ठेवल्यात, मला त्या तशाच आवडतात.

चिमणी

चूल कितीही उत्तम जोडली तरी तिला ओढ चिमणीची असते. इथे पैसे वाचवू नका.

गळा सहा इंची असेल तर पाइप शेवटपर्यंत सहा इंचीच. माझ्याकडे पाइप बसवायला आलेल्याने सहा इंची तयार नाही म्हणून वर चार इंची लावून दिला आणि "धूर काय, कुठूनही जातो" असं म्हणाला. चार इंची पाइपाचं तोंड सहा इंचीच्या निम्म्याहूनही कमी असतं. धूर अर्थातच गेला नाही, आणि तो सगळा पाइप उतरवावा लागला.

घरातला पाइप काळ्या पत्र्याचा घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की त्याची वाफ अंगाला बाधते. छतावरचा भाग स्टेनलेसचा केला तर पावसात टिकतो. जोडताना वरच्या पाइपाचं निमुळतं टोक खालच्या पाइपात गेलं पाहिजे, पावसाच्या पाण्याच्या पाइपासारखं. कारागीर बऱ्याचदा उलटं करतात. मग धुरातला डांबरासारखा काळा रस सांध्यांतून बाहेर भिंतीवर ओघळतो. बरोबर जोडला तर तो परत चुलीत उतरून जळतो. वळणं जास्तीत जास्त दोन, आणि आडवा भाग असलाच तर आखूड आणि वर चढता.

छताच्या वर किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट वर. आपल्याकडे ते उंच म्हणजे जिन्याची खोली, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याचा वाढवलेला मजला. या भिंतींवर आपटलेला वारा खाली वळतो आणि चिमणीत शिरतो. वर टोपी हवी. शेजाऱ्यांच्या खिडकीकडे धूर जात नाही ना हे पाइप बसवायच्या आधी बघा, त्यांच्याशी बोलून घ्या. अपार्टमेंटच्या मधल्या मजल्यावर राहत असाल तर ही चूल तुमच्यासाठी नाही.

छतातून पाइप काढताना सर्वांत जास्त काळजी जुन्या वाड्यांमध्ये. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात वरून माती दिसते, पण तिच्या पोटात तुळया आणि लाकडी किलचा असतात. शंभर वर्षं वाळलेलं ते लाकूड रोज थोडं थोडं शेकत राहिलं तर पुढे कमी आचेतही धुमसतं, आणि मातीखाली धुमसलेलं कळतही नाही. उघड्या एकेरी पाइपापासून लाकूड दीड फूट दूर हवं. तेवढी जागा सुटत नसेल तर आतून लोकर भरलेला दुहेरी पाइप घ्या किंवा पाइप विटांच्या भिंतीतून बाहेर काढून उभा न्या. मी माळवदाला हात न लावता भिंतच निवडली. सिमेंटच्या स्लॅबमध्येही पाइप थेट कोंबू नका. मोठं भोक पाडून पत्र्याची कडी बसवा आणि मध्ये सिरॅमिकची लोकर भरा.

चुलीपासून लाकडी फडताळं, दारं, पडदे तीन फूट लांब. पायाखाली फरशी हवी, आणि जळणाच्या दारासमोरही दीड फूट. गॅसचा सिलिंडर त्या खोलीतून बाहेर काढा.

शेवटचा मुद्दा एक्झॉस्ट फॅनचा. सवयीने फोडणीच्या वेळी आमच्या घरात तो लावला गेला आणि दोन मिनिटांत चुलीतून धूर उलटा खोलीत आला. पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो, खोलीला हवा कुठून तरी हवी असते, आणि ती चिमणीतूनच खाली ओढली जाते. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नसतो. चूल पेटलेली असताना पंखा बंद, एक खिडकी उघडी, आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आमच्याकडे फॅनच्या बटणावर आता पट्टी चिकटवलेली आहे.

पहिला जाळ

पहिल्या दिवशी मूठभर तुराट्या, वीस मिनिटं, मग आपोआप विझू द्या. दुसऱ्या दिवशी दोन बारीक ढलप्या घालून तासभर. तिसऱ्या दिवशी तासाऐवजी तीन तास. यात सिमेंट आणि विटांतलं पाणी सावकाश निघतं. रंग आणि पॉलिशचा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा.

पेटवताना राखेच्या खणाची झडप आणि डॅम्पर दोन्ही पूर्ण उघडे. थंडीच्या सकाळी चिमणीतली गार हवा खाली बसलेली असते, तेव्हा आधी पाइपाच्या गळ्याशी वर्तमानपत्राचा एक कागद जाळा. "भुर्र" असा आवाज वर गेला की खालचं जळण पेटवा. जाळ धरला, तवा तापला, की मगच चुलीचा डॅम्पर लावून धूर ओव्हनभोवती फिरवायचा.

जळणाला आपल्याकडची बाभूळ उत्तम, जड आणि निखारा धरणारी. वेडी बाभूळही चालते. दोन्ही मनगटाएवढ्या जाडीला फोडून किमान सहा महिने वाळवलेली. वाळलेलं लाकूड एकमेकांवर आपटलं की खणखणीत वाजतं आणि टोकाला चिरा पडलेल्या असतात. तुराट्या पेटवायला छान. गोवऱ्यांची राख इतकी होते की जाळी बुजते. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक आणि कारखान्यातल्या नायलॉन मिसळलेल्या चिंध्या यातलं काहीही आत जाता कामा नये.

ओव्हनच्या दारावरच्या जुन्या काट्यावर विसंबू नका, आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. जळणाच्या पेटीकडची बाजू नेहमी जास्त तापते, म्हणून भांडं मध्येच एकदा फिरवावं लागतं. तव्यावर पेटीच्या बरोबर वर भाकरी, मधे आमटी, आणि पाइपाजवळच्या कोपऱ्यात शेंगदाणे मंद भाजायला. शेंगाचटणीला ते असेच भाजलेले हवेत. रात्रीचा स्वयंपाक आटोपला, जाळ बसला, की आई मालदांडी ज्वारीच्या पातळ भाकरी ओव्हनच्या जाळीवर उभ्या लावते, दार बोटभर उघडं ठेवते आणि झोपायला जाते. सकाळी त्या कडक होऊन निघतात, न करपता, सगळीकडून सारख्या.

राख रोज काढा, पण जाळीवर बोटभर थर राहू द्या. झाकलेल्या लोखंडी बादलीत घराबाहेर ठेवा. आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. महिन्यातून एकदा ओव्हनखालचं ते छोटं दार उघडून काजळी ओढून घ्या. चिमणीत दिवाळीआधी एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा ब्रश फिरवा. आणि ओव्हन तापायला नेहमीपेक्षा वेळ लागू लागला, की लाकूड वाढवायच्या आधी ओव्हनखालचं ते दार उघडून बघा.